छाट

मंगळवारची ओपीडी, खोली क्रमांक चौदा.
निपाणीहून सातची गाडी धरून आलेल्या
आक्काताई मगदूम.
वय बावन्न. "साठ धरा," म्हणतात.
एक्स-रे आधीच पाहिलाय मी:
पाचवा मणका सहाव्यावर टेकलाय,
कडेला हाडाचे कोंब.
दुखणं काही त्यात उमटत नाही,
म्हणून विचारावं लागतं.

"शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही.
तुमचं किती?"

त्या माझ्या बोटांकडं बघतात.
"दहावर काय मोजू ओ बाई?
आमचा कट्टा पंचवीसचा.
आज आले, तर चाळीस कट्टे बुडाले."

मग चेहऱ्यांचा तक्ता.
सहा तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
चौथ्यावर बोट ठेवून म्हणतात,
"ह्यो आमच्या चेकरगत दिसतोय,"
आणि हसतात.
हसताना खांदे हलतात. मान नाही.

फॉर्म कन्नडात छापलेला, खाली इंग्रजी.
मी वडगावची, वाचता वाचता मराठी करते.
कळ येते? ठणका लागतो? चमक निघते?
"सकाळी अवघडलेली असती.
दुपारी रग.
रात्री मातुर सेळेत हो, पार अंगठ्यापतोर,
कोण दोरा वढल्यागत."
सेळेत. शेजारी सूप घेऊन बसणाऱ्या बसव्वाचा शब्द.
मी मराठी शोधते.
ओढ लिहावं, तर ती माहेरची असते.
राहू दिलं तसंच.

वाचताना त्रास होतो?
"वाचाय येत न्हाई."
गाडी चालवताना?
पुढच्या बाकावरचा पोरगा फिस्सकन हसतो.
जड उचलताना?
"घागर सून उचलती आता."
म्हणजे त्रास नाही. तसंच मांडायचं.
रिकामे रकाने सोडून
उरलेल्यांवर टक्के काढायचे, असा नियम आहे.
मांडीवर सूप, सुपात पान, जर्दा, कात्री,
आणि अंधार पडेपर्यंत खाली घातलेली मान,
याला रकाना नाही.
झोपेला आहे. "भिंतीला टेकून," त्या सांगतात.

"चार लिवा."
चारच का?
"जास्त सांगितलं तर काम सोडा म्हणशिला.
कमी सांगितलं तर गोळी देत न्हाईसा."
थोडं थांबून,
"चेकर मूठभर उचलतो, बघतो न बघतो,
छाट काढून मोडून टाकतो.
त्येचं पैसं न्हाईत.
तुमचं पण तसलंच काय ओ?"

याचं उत्तर मला देता आलं नाही.
"मान डावीकडे वळवा," एवढंच म्हणाले.
त्या अख्ख्या वळल्या, स्टुलासकट.

डोळे मिटायला सांगून
कापसाचा बोळा उजव्या अंगठ्यावर फिरवला.
कळलं?
"लावा की आधी."
पुन्हा फिरवला.
"लावताय न्हवं?"

बोळा हातात तसाच धरून विचारलं:
मग विडीचं तोंड मुडपता कशानं?
आक्काताईंनी डोळे उघडले,
एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेनं पाहिलं.
"डोळ्यांनी."

आणि दाखवलंच करून.
नसलेलं पान, नसलेला दोरा,
मान वाकली, आणखी वाकली,
हनुवटी छातीला टेकली
तेव्हा कुठं अंगठा बरोबर जागी गेला.

मी चारच लिहिले. रुग्ण सांगेल तो आकडा.
समासात लिहिलं, डोळ्यांनी.
खाली रेघ मारली.

दुपारी हिरेमठ डॉक्टर फॉर्म चाळतील,
विचारतील, हे काय मध्येच?
पुढचा नंबर पुकारून झाला तरी
मी मनात जुळवत बसलेय:
कण्णिंद.
कण्णिंद, सर.
पण त्याआधीचं सगळं कसं सांगायचं?